परीक्षक समितीची स्तुत्य मतं

शेतातल्या मोटारीची लाइट आली की जवळच्या माणसानं बटन दाबून कळवायचं आणि बाकीच्यांनी घरबसल्या पाहायचं, एवढंच माझं ॲप. लिहायला चार महिने लागले. पण ज्या दुकानातून जग ॲप उतरवून घेतं, त्याचा नव्या, एकट्या माणसासाठी नियम असा: आधी बारा जणांनी ते सलग चौदा दिवस फोनवर ठेवून वापरावं, त्यांनी काय उणिवा काढल्या ते तुम्ही कळवावं, मग पाहू. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, तसंच हे; फक्त दिवस दुप्पट.

जाफराबादेत माझे मोजून सात मित्र, त्यातल्या दोघांकडं आयफोन, ज्यावर माझं ॲप चालत नाही. म्हणून टेंभुर्णीच्या काकांना गाठलं. ते निवृत्त मुख्याध्यापक. 'परीक्षक' शब्द ऐकताच ताठ बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःला धरून भावकीतले बारा जण जमवले, 'ॲप परीक्षक समिती' असा ग्रुप काढला आणि अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. निवडणूक बिनविरोध झाली.

मग मतं येऊ लागली. 'अतिशय स्तुत्य उपक्रम.' 'एक नंबर.' गुलाबाची फुलं. मी रोज विचारायचो, काही अडचण? उत्तरादाखल जोडलेले हात. आठव्या दिवशी एका चुलतभावानं लग्नाच्या व्हिडिओला जागा करायला ॲपच काढून टाकलं. मोजणी पुन्हा एकपासून. त्यानं लिहिलं, 'सॉरी भाऊ, पण ॲप मस्तच आहे.'

शेवटी चौदा दिवस भरले. उणिवांच्या रकान्यात मी लिहिलं, 'सर्व समाधानी आहेत.' अर्ज नामंजूर झाला: चाचणी पुरेशी नाही, पुन्हा चौदा दिवस. तेव्हा कुठं नोंदी उघडल्या. बारा जणांत मिळून 'लाइट आली' हे बटन एकदाही दाबलं गेलं नव्हतं. हे आधीच पाहायला हवं होतं. पण स्तुती वाचत बसलेल्या माणसाला एवढी सवड कुठली?

दुसऱ्या दिवशी बसनं टेंभुर्णी गाठली. काकांचा फोन हातात घेतला. डोळ्यांसाठी त्यांनी अक्षरं एवढी मोठी केलेली, की माझं बटन पडद्याच्या खाली निघून गेलं होतं. समितीतल्या बहुतेकांचे फोन तसेच.

"काका, बटन दिसतच नव्हतं, मंग सांगितलं का न्हाई?"

"पाहुण्यानं पहिल्याच घासाला मीठ कमी म्हणायचं असतं का रे?"

"तुम्ही पाहुणे नव्हता, परीक्षक होता."

आतून काकू निवडायच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन आल्या. "पहिल्याच दिवशी म्हणलं होतं ह्यान्ला, ह्यात दाबायचं काहीच न्हाई. अन् ती पिवळी अक्षरं उन्हात दिसत न्हाईत. अन् गेलेली लाइट कळवायची कुठं?"

तीन उणिवा, एका दमात. मी काकांकडं पाहिलं.

"ती समितीत नव्हती," काका म्हणाले.

मी तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडला. काकूंना म्हणालो, आता तुम्हीच बघा. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं कुठंय फोन? ह्यांचाच बघते, हे झोपल्यावर."

सोमवारपासून नवे चौदा दिवस सुरू झाले. बटन वर घेतलंय, अक्षरं काळी केलीत. दुपारी दोन ते चार या वेळात अध्यक्षांच्या फोनवरून रोज नवी तक्रार येते. चार वाजता त्याच फोनवरून गुलाबाचं फूल येतं.