विमानात काढलेला रुसवा

विमानात बसलेली माणसं तुम्ही ढिगाने पाहिली असतील. विमानात बांधलेला माणूस पाहिलाय कधी? नाही ना? मग नीट बघून घ्या. तुमच्यासमोर बसून चहा पितोय.

हसू नका! म्हणजे हसा, पण आधी ऐका. नाहीतर उद्या म्हणाल, नाना दारू पिऊन दंगा करत होता. दारू? मी? अहो, मला खोकल्याचं औषधसुद्धा चढतं.

त्याचं काय आहे, सुरतेच्या नवागामात आमच्या खानदेशी लोकांत कुठलंही लग्न निघालं, की मला दोन आमंत्रणं येतात. एक पत्रिकेचं. आणि दुसरं ऐन मुहूर्ताला फोनवर, “नाना, पळत या, नवरदेवना फुवा रुसनात!” फुवा म्हणजे आत्याचे यजमान. मी लूम्सच्या कारखान्यात मास्तर आहे, पण ते पोटासाठी. माझी खरी विद्या म्हणजे रुसवा काढणं. कोणाला पाट मिळाला नाही, कोणाला फेटा उशिरा बांधला, कोणाचं नाव माइकवर घेतलं नाही. सगळे माझ्याकडे.

पद्धत सोपी आहे. चूक कोणाची ते विचारायचंच नाही. जवळ जायचं, हात धरायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा, डोक्यावर टोपी ठेवायची, आणि आपल्या हाताने त्याच्या तोंडात लाडू कोंबायचा. तोंड भरलं की भांडण संपलं!

आणि एक नियम. आपण अशी धावपळ करत असताना लोक म्हणतात, “बसा हो नाना, किती पळता!” तेव्हा बसायचं नसतं. तो मान असतो. म्हटल्याबरोबर जो बसला, तो कसला घरचा माणूस? तो पाहुणा!

आता विमानाकडे येतो.

आमच्या लेकीसाठी, जागृतीसाठी, स्थळ आलं होतं. मुलगा चेतन, बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याचे वडील रामदासअप्पा बारडोलीचे, साखर कारखान्यात आयुष्य काढलेले. माणूस सज्जन, पण बोलणं म्हणजे दिवसाला मोजून चार वाक्यं. मी, माझी बायको मंगल आणि अप्पा, असे तिघं मुलाचं घर बघून आलो. पोराने आम्हाला टॉवेल-टोपी देऊन मान केला. सगळं छान झालं. फक्त अप्पा हो म्हणेनात!

“अप्पा, मग काय ठरवलं?” परतताना मी बंगळुरूच्या विमानतळावर विचारलं.

“सुरतले उतरूत, मग सांगस,” अप्पा म्हणाले.

झालं! म्हणजे अख्खा प्रवास माझी परीक्षा. व्याही होणारा माणूस शेजारी, आणि पोरीचं नशीब त्याच्या तोंडात. मी ठरवलं, सुरत येईपर्यंत या माणसाला दाखवून द्यायचं की नाना काय चीज आहे.

दाखवलं!

अप्पा खिडकीशी, मंगल मधे, मी वाटेच्या कडेला. पलीकडच्या रांगेत, जरा पुढे, पिवळा टी-शर्ट घातलेला एक जाडजूड गृहस्थ. विमान वर गेलं, गाडी ढकलत हवाई सुंदऱ्या आल्या. पिवळ्या टी-शर्टच्या शेजारणीला त्यांनी सँडविच दिलं आणि याला न विचारता पुढे गेल्या.

गृहस्थ पेटला! “आने आप्युं ने मने नहीं? हुं माणस नथी?”

“सर, मॅडम ने पहले से बुक किया था,” मुलगी म्हणाली.

“तो मने पूछवुं तो जोईए ने!”

मी कान टवकारले. अहो, हे वाक्य मी प्रत्येक मांडवात ऐकलंय! ‘जेवायला नाही मिळालं तरी चालेल, पण विचारायला नको?’ हा प्रवासी नव्हता. हा रुसलेला फुवा होता!

तो उठून उभा राहिला, गाडी अडवली, डोक्यावरचं बटण दाबदाबून घंटी वाजवत सुटला. मग त्या मुलींची मोठी मॅडम आली. घट्ट अंबाडा, हळू आवाज. तिने आधी गरम चहाचा थर्मास गाडीवरून उचलून मागे पाठवला. मग शेजारच्या बाईला गुपचूप दुसरीकडे बसवलं. आणि स्वतः हातभर लांब, जरा तिरकी उभी राहून त्याच्याशी बोलू लागली.

मला हसूच आलं. इतक्या लांबून कधी रुसवा निघतो का?

मी पट्टा सोडला.

“कोठे चालनात?” मंगल म्हणाली.

“आलोच.”

“बठा ना खाले! त्यासनं काम त्यासले करू द्या.”

“ऱ्हावू द्या नाना,” अप्पासुद्धा म्हणाले. दिवसातलं एक वाक्य माझ्यासाठी खर्च केलं! मला वाटलं, अप्पांचं लक्ष आहे बरं का आपल्याकडे.

मॅडमने मला पाहिलं. “सर, प्लीज बैठ जाइए।”

बघा! आला की नाही मान? मी म्हटलं, “अरे बेटा, मेरे को क्या तकलीफ! तुम थक गयी, तुम बैठो।”

“सर, आपकी सेफ्टी के लिए, प्लीज अपनी सीट पर बैठिए।”

आवाज आणखी गोड. मी आणखी खूश. “नही नही, घर का काम है।”

आता मला सांगा, माणूस जितका चिडेल तितका मोठ्याने बोलेल, की नाही? आमच्याकडे तरी तसंच आहे. या विमानातल्या लोकांचं उलटं! जितका धोका जास्त, तितकी भाषा गोड. हे मला कोणी सांगायचं? तिसऱ्यांदा तर तिने एक कार्ड काढलं आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत चांगलं लांबलचक वाचून दाखवलं. मला वाटलं, आभारप्रदर्शन.

मी वाकून नमस्कार केला.

नंतर कळलं, ती शेवटची ताकीद होती.

मी वरच्या कप्प्यातून पिशवी काढली. टॉवेल होता, टोपी होती, जागृतीच्या हातचे मेथीचे लाडू होते. सगळं साहित्य हजर! पिवळ्या टी-शर्टच्या मागून गेलो आणि मोठ्या प्रेमाने त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. तो दचकून वळला, त्यात टॉवेल त्याच्या गळ्याभोवती फिरला. निसटू नये म्हणून मी दोन्ही टोकं धरली. जरा घट्टच धरली असतील.

“मारी नाख्यो!” तो ओरडला. “मारी नाख्यो रे! मार डाला!”

तोंड उघडलेलंच होतं. मी लाडू कोंबला.

आता हे मागून कसं दिसलं असेल, विचार करा. एक माणूस दुसऱ्याचा गळा आवळतोय, वर त्याचं तोंड दाबतोय, आणि प्रेमाने म्हणतोय, “खा रे भाऊ, खा, राग सोड!”

“अहो, ती टोपी!” मंगल किंचाळली. “अप्पासना पोऱ्यानी देल टोपी!”

हो! व्याह्यांकडून मिळालेला मान मी त्यांच्याच डोळ्यांदेखत एका परक्या माणसाच्या डोक्यावर ठेवत होतो.

ठेवली एकदाची. तेवढ्यात मागून दोन धट्टीकट्टी पोरं आली. एक विमानातला, एक प्रवासी. काय झालं ते मला कळलंच नाही. क्षणात मी शेवटच्या रांगेत होतो, कमरेला पट्टा, आणि दोन्ही मनगटांत ती वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी असते ना, तसली. खर्र करून ओढली.

आणि मॅडमची भाषा? तीच! “सर, ज्यादा टाइट तो नहीं है?” पट्टीखाली बोट घालून तिने बघितलंसुद्धा. “पानी लेंगे, सर?” माझे हात बांधलेले, म्हणून तिने नळी घालून पाणी पाजलं. हात धरला, तोंडात घोट दिला, चूक कोणाची ते विचारलं नाही. माझीच सगळी पद्धत, माझ्यावरच!

तिथून पुढच्या सगळ्या रांगा दिसत होत्या. पिवळा टी-शर्ट टोपी घालून, टॉवेल पांघरून, तोंड हलवत शांत बसला होता. मग डुलकी लागली त्याला. निघाला होता हो रुसवा! पण बघायला कोण? मंगल मागे वळून माझ्याकडे अशी बघत होती, की बांधलेला आहे तेच बरं, असं मला वाटलं. आणि अप्पा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर नुसते ढग.

तेव्हा मात्र मला उमगलं. लेकीचं चांगलं स्थळ मी लाडवासकट घालवलं होतं. खोटं कशाला सांगू, रडू आलं. डोळे पुसायला हातही मोकळे नव्हते.

सुरतेला उतरल्यावर सगळ्यांना बसवून ठेवलं, आणि मला न्यायला पोलीस आत आले. पहिला प्रश्न, “दारू पीधो छे?”

दारूबंदीच्या गुजरातेत हा प्रश्न! तोही होणाऱ्या व्याह्यांसमोर! मला फुंकायला लावलं. साहेबांनी वास घेतला आणि गोंधळून म्हणाले, “मेथी?”

मग पिवळ्या टी-शर्टला विचारलं, तक्रार करायचीय का? तो टोपी सावरत म्हणाला, “शानी फरियाद, साहेब? लाडवो सरस हतो. बीजो छे?” दुसरा लाडू मागत होता!

साहेब हसले. मॅडम मात्र हसली नाही. विमानात उठून मधे पडणं म्हणजे काय गुन्हा आहे, ते तिने मला समजावून सांगितलं. गोड आवाजातच! या वेळी मी ऐकलं. मग ताकीद देऊन सोडलं.

बाहेर आलो. तिघं रिक्षाजवळ उभे. मी खाली मान घालून म्हटलं, “अप्पा, चूक माझी. पोरीची काही चूक नाही. तिला माझ्यावरून जोखू नका.”

अप्पांनी माझी पिशवी रिक्षात ठेवली.

“पोर आमले पसंत शे,” ते म्हणाले. “पन एक अट शे.”

आता काय मागतात?

“लगीनमा तुम्ही खुर्चीवरथून उठानं नही. कोनी बी रुसो. हळदपाईन पाठवनीलोंग, बसी ऱ्हावानं.”

हळदीपासून पाठवणीपर्यंत बसून! मी तोंड उघडायच्या आत मंगल ओरडली, “मंजूर! लागनं तं मी बांधी ठेवसू!”

लग्न झालं. मोठ्या थाटात झालं. आणि व्हायचं तेच झालं, फेट्यावरून नवरदेवाचे मामा रुसले. मांडवाबाहेर पाठ करून बसले. माझे पाय कसे शिवशिवत होते, काय सांगू! पण खुर्चीचे हात घट्ट धरून, ओठ आवळून बसून राहिलो. आणि कोणीच गेलं नाही हो मामांकडे! कोणीसुद्धा नाही!

थोड्या वेळाने वरणबट्टीचा वास सुटला. मामा आपोआप उठले, पंगतीत बसले, पोटभर जेवले, आणि ढेकर देत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझा हात धरला.

“नाना, तुम्ही काबर रुसनात? चला, जेवाले उठा!”

आता उठावं, तर अट मोडते. नाही उठलो, तर अख्ख्या मांडवात बोंब होणार, पोरीचा बाप रुसला!