एकाच डब्यात दोन वेगळे पास

मंडळी, आज सकाळी माझ्याच पोरीने माझा पोपट केला.

आम्ही नवरा-बायको ओमानमध्ये सोहारला असतो, मुलगी जर्मनीत शिकते. सुट्टीत तिघांनी रेल्वेने युरोप फिरायचं ठरलं, म्हणून मी हौसेने तिघांचे रेल्वे पास काढले. युरोपबाहेरच्या पर्यटकांसाठी असतात ते. आपला पासपोर्ट इंडियन, म्हणजे आपण बाहेरचे. विषय खलास!

तिला फोन केला, तर म्हणाली, "पप्पा, माझा कॅन्सल करा. मला तो चालत नाही. ते पासपोर्ट नाही बघत, तुम्ही राहता कुठे ते बघतात. मी इथली रेसिडेंट आहे, माझा पास वेगळा."

"अगं, तू वसईची ना!"

"पप्पा, मी वसईत कधी राहिले?"

खरंच की! पोर जन्मली मस्कतला, वाढली सोहारला.

तिचा पास रद्द करताना दिसलं, आमच्या दोघांच्या पासवरही 'राहण्याचा देश' म्हणून मी इंडियाच टाकलाय. सवयीने! इतकी वर्षं इथे काढून आज पहिल्यांदा तिथे ओमान टाइप केलं.

तुम्हाला कुणी "कुठे राहता?" विचारलं, तर पटकन तोंडातून काय निघतं?