पानवेलीचा दिवा

घरात विनाकारण दिवा जळताना दिसला की माझं डोकं फिरतं. मुलं म्हणतात, आई पाहुण्यांच्या डोक्यावरचाही दिवा घालवेल. मी चाळीत वाढले. तिथे जो अभ्यासाला बसेल त्याच्यासाठी दिवा, बाकीच्यांनी अंधारात गप्पा माराव्यात, असा आमच्या वडिलांचा कायदा होता. तो कायदा मी लग्नात आंदण म्हणून बरोबर आणला आणि अजून पाळते. त्यामुळे नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या घरात दिवसाढवळ्या तीन ट्यूबलाइट जळायच्या आणि मी त्या जळू द्यायची, हे सांगितलं तर माझ्या माहेरचं कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्या ट्यूब माझ्या सासऱ्यांच्या पानवेलीसाठी होत्या.

सासरचं मूळ घर वसई गावापासून जवळ, आणि घरामागे पानवेलींची वाडी. लग्न होऊन आले तेव्हा भर मे महिन्यात मी भाजी निवडायचं निमित्त करून त्या वाडीत जाऊन बसायची. आत इतका गारवा असे की अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटे. वाडीत जायचं तर चपला बाहेर काढून, देवळात जातात तसं. पहिल्या दिवशी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तशीच आत शिरले. सासरे नुसते माझ्या चपलांकडे बघत उभे राहिले. मी चपला काढेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

नव्वद सालानंतर तिकडच्या विहिरींचं पाणी मचूळ होत गेलं. वेली पिवळ्या पडायला लागल्या. मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि वाडी बिल्डरकडे गेली. आमच्या वाट्यातून आम्ही नवा फ्लॅट नोंदवला. तळमजल्याचा, मागच्या बाजूला हातभर मोकळी माती असलेला. इमारत उभी राहीपर्यंत भाड्याने राहायचं ठरलं. गावचं घर सोडताना सासऱ्यांनी एकच वस्तू स्वतःच्या हाताने उचलली. तुपाचा जुना पत्र्याचा डबा, आणि त्यात लावलेला वेलीचा एक तुकडा. नव्या जागेच्या मातीत तो लावायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. फ्लॅटला खोल्या किती, नळाला पाणी किती वेळ, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मागे माती आहे ना, इतकंच ते पुन्हा पुन्हा विचारायचे.

भाड्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर गिलावा खरवडता यावा इतकी जवळ. पानवेलीला कडक ऊन नकोच असतं, तिला सावली मानवते. पण आमच्याकडे सावली नव्हती, निव्वळ काळोख होता. सासरे सकाळी जिन्यात येणारी उन्हाची तिरीप स्टीलच्या ताटावर धरून खोलीत वळवायचे. ताट धरून त्यांचा हात भरून यायचा. ते बघवेना म्हणून नवऱ्याने आधी पिवळा बल्ब आणला. त्याच्या उष्णतेने कोवळं पान करपलं. मग ट्यूब आणली. ती वेलीला मानवली.

ट्यूब सकाळी लावायची आणि दिवेलागणीला घालवायची, असा सासऱ्यांचा शिरस्ता. सगळ्या इमारतीत दिवे लागत तेव्हा आमच्या त्या खोलीत अंधार होई. तिलाही झोप हवी, असं ते म्हणायचे. हे मात्र माझ्या माहेरच्या कायद्यात चपखल बसत होतं.

वेल सुतळीवरून चढत छताला लागली, आणि तिथेच सगळी गोम होती. वाडीत वेल अशी उंच गेली की तिची उतरण करतात. म्हणजे तिला आधारावरून सोडवून खाली घेतात, खालचं पान नसलेलं खोड गुंडाळून मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा वर बांधतात. पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात आणि वेल परत तरुण होते. मी म्हटलं, बाबा, उतरण करून टाका. ते म्हणाले, भाड्याच्या जागेत उतरण करायची नसते. उतरण झाली की वेल त्या जागेची होते, मग तिला तिथून उपटून नेता येत नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच सांगितलं होतं. नव्या जागेत गेलो की पहिली उतरण तिथे करू, तोवर तिला असंच सांभाळायचं. इतर बाबतीत ते माझं फार ऐकायचे. इथे मात्र त्यांनी मला बोलूही दिलं नाही.

वेल कुणाची वाट बघत थांबते? ती छताच्या कडेकडेने खोलीभर फिरत गेली. सासऱ्यांनी जुन्या धोतराच्या चिंध्यांनी तिला ठिकठिकाणी बांधलं. पहिल्या ट्यूबचा उजेड शेंड्याला पोचेना म्हणून दुसरी आली. वेल दारावरून वळली तशी तिसरी आली. बिल्डर ताबा देण्याचा वायदा दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकलत होता आणि इकडे आमच्या भिंतीवर ट्यूबचे चोक वाढत होते. मी खोलीत आले की हात सवयीने बटणाकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायची.

घरमालक आमच्या समोरच्याच दारात राहायचे. मूळचे भातशेतीवाले. त्यांच्या घरच्या शेतावरच ती इमारत उभी होती आणि बदल्यात मिळालेल्या दोन जागांपैकी एकीत ते, दुसरीत आम्ही. दोन्ही घरांना मीटर एकच, आमच्यासाठी आत एक सबमीटर. युनिटं एका हद्दीपलीकडे गेली की दर चढतो आणि तो दोघांच्याही डोक्यावर बसतो. शिवाय वायरिंग जुनं. आमच्या ट्यूब, त्यांचा फ्रीज आणि मिक्सर एकदम चालू झाले की फ्यूज उडायचा. इमारतीत तर वेगळीच हवा पसरली होती. दुसऱ्या मजल्यावर खिडक्या बंद, दिवसभर आत दिवे, आणि म्हातारा कसलासा झाडपाला वाढवतोय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्या झाडपाल्याला गांजा हे नावही देऊन टाकलं होतं. मला हसू आलं. नवरा बँकेत नोकरीला, त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मग एका रविवारी घरमालक वायरमनला घेऊन आले. सासऱ्यांनी त्यांना खोलीच्या उंबऱ्याशी अडवलं आणि चपला काढायला सांगितलं. वायरमनने बुटांच्या नाड्या सोडल्या. दोघं अनवाणी आत आले आणि मान वर करून बघत राहिले. छताला चारी बाजूंनी हिरवी किनार. घरमालकांनी विचारून एक पान खुडलं आणि नुसतंच चावलं. दारात आल्यावर मला म्हणाले, "वहिनी, पान झकास हाय. पन माझ्या मीटरचं काय करू? वायर गरम होते. युनिट कमी करा, नाय तर दुसरी जागा बघा."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांना शब्द दिला की ट्यूब राहतील, पण युनिटं खाली आणून दाखवीन. बिजागरीसारखी कुरकुरत मी घरभर फिरायला लागले. इस्त्री बंद, कपडे गादीखाली घालून सरळ करायचे. टीव्ही फक्त बातम्यांपुरता. आणि खरंच, सबमीटरचा आकडा उतरला. मी ठरवलं होतं त्याहूनही बराच उतरला. मी नवऱ्यापुढे महिनाभर मिरवलं. बघा, काटकसर याला म्हणतात. सासरे ऐकून गालातल्या गालात हसायचे.

मी सकाळच्या शाळेत शिकवायची. मे महिन्यात निकालाच्या कामासाठी जावं लागे. एकदा काम लवकर आटोपलं आणि मी ऐन दुपारी घरी आले. तिन्ही ट्यूब चालू होत्या. सासरे वेलीखाली पाटावर बसले होते, बनियन अंगाला चिकटलेलं, हातात माझ्या नव्या चपलांच्या खोक्याचं झाकण. त्याने स्वतःला वारा घालत होते. डोक्यावर पंखा बंद.

मला वाटलं पंखा बिघडला. बटण दाबलं तर तो फिरायला लागला. ते म्हणाले, "राहू दे पोरी. वेलीला वारा सोसत नाही."

संध्याकाळी आम्ही सगळे घरी आलो की तोच पंखा वेलीखाली गरगर फिरायचा आणि तेव्हा वेल व्यवस्थित सोसायची. माझी काटकसर कुठून आली होती ते मला कळलं. स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्याशी रडले आणि मग तडक समोरचं दार वाजवलं. घरमालकांना सांगितलं की बाबा उकाड्यात बसतात, तुमच्या मीटरसाठी. मला भांडायचं होतं. पण ते माझ्यामागोमाग आले, चपला दाराबाहेर काढल्या आणि सासऱ्यांपुढे फरशीवर मांडी घालून बसले.

म्हणाले, "बाबा, या लाद्यांच्या खाली आमचा भात व्हायचा. माती चांगली हाय हितली. वेल खाली घ्या. हितं ती परक्याची नाय."

सासऱ्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, आम्हा दोघांनाही कळलं नाही. त्या दिवसापासून दुपारी घरमालकांची बायको येऊन पंखा लावून जाई, आणि ती गेली की सासरे तो बंद करत.

जूनमध्ये नवरा बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आला. आणखी एक वर्ष, असं उत्तर मिळालं. सासऱ्यांनी जेवता जेवता ते ऐकलं आणि ताक मागितलं. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारून जुनी बादली आणि घरमालकांकडून गोणीभर माती आणायला सांगितली. मी समजले. म्हटलं, इतके दिवस थांबलात, आता वर्षाने काय होतंय.

"नव्या जागेचं माझं काही खरं नाही, पोरी," ते म्हणाले. "हिला किती दिवस अशी टांगून ठेवू?"

नवऱ्याने स्टुलावर चढून चिंध्या सोडल्या. वेल सासऱ्यांच्या दोन्ही खांद्यांवर उतरली. त्यांनी ती खाली पडू दिली नाही. डब्यातल्या मुळांसकट खोडाची वेटोळी घालून बादलीत बसवली, वर माती लोटली, तळहाताने दाबली. शेंडा खिडकीच्या गजाला बांधला. मातीने भरलेले हात तसेच ठेवून ते उठले, त्यांनी दोन ट्यूब घालवल्या, एक ठेवली, आणि मग स्वतःच्या हाताने पंखा लावला. त्या पंख्याखाली ते जेवणाची हाक येईपर्यंत डोळे मिटून बसले होते. मला त्या दिवशी त्यांच्यापाशी नुसतं बसून राहायला हवं होतं असं आजही वाटतं. मी आमटीला फोडणी देत होते.

पुरलेल्या खोडाला पावसाळ्यात नवे फुटवे आले. ते त्यांनी पाहिले. नवरात्राच्या आधी ते गेले.

ताबा मिळाला तो पुढच्या वर्षीही नाही, त्याच्याही पुढच्या. टेम्पोत सामान चढवताना नवऱ्याने बादली उचलली. मी ती परत ठेवायला लावली. आमचं त्यावरून जिन्यातच वाजलं. त्याचं म्हणणं, बाबांची एवढी एकच वस्तू, आणि मागे माती असलेली जागा अखेर मिळाली, तर तिथे न्यायची नाही? माझं म्हणणं, बाबांनी तिची उतरण इथे केली आहे. शेवटी घरमालकांनी बादली हातात घेतली आणि परत वेलीच्या खोलीत खिडकीशी नेऊन ठेवली.

नव्या जागेच्या मागच्या मातीत मी नंतर रोपवाटिकेतली पानवेल आणून लावली. तिला ऊन, पाणी, वारा सगळं मिळतं. पान मोठं येतं, पण त्याला तो तिखटपणा नाही. बाबांना त्या मातीवर उभं राहिलेलं मी कधीच पाहिलं नाही. संध्याकाळी मागचं दार उघडलं की तीच जागा रिकामी दिसते.

काही वर्षांनी एका ओळखीच्यांकडे बारशाला म्हणून मी नालासोपाऱ्याला गेले होते. येताना पाय आपोआप त्या गल्लीत वळले. दोन इमारतींच्या फटीतून दुसऱ्या मजल्याची आमची खिडकी तिरपी दिसते. भर दुपार होती. खिडकीच्या गजाला हिरवी पानं लागलेली होती आणि त्यांच्यामागे ट्यूब जळत होती. वर जाऊन भेटावं असं फार वाटलं, पण गेले नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि गल्लीतल्या गरम सिमेंटवर थोडा वेळ उभी राहिले. माझ्या शेजारून एक बाई गेली, तिने वर बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, दिवसाचा दिवा कोण जाळतं. मी मनात म्हटलं, जळू दे गं बाई, कुणी घालवू नका.