‘येते’ म्हणायचं नसतं

मुलुंडला आमची बैठी चाळ होती आणि तिला स्वतःच्या माणुसकीचा भारी अभिमान होता. ती माणुसकी खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास बाबा गेले, तेव्हा आमच्या घरात कुणी स्टोव्ह पेटवू दिला नाही. पिठलं-भात आला, नळावरचं पाणी भरून आलं. भिंतीपलीकडच्या काकूंनी तेराव्यापर्यंत रेडिओ लावला नाही.

बायका यायच्या, आईजवळ बसायच्या आणि काही न बोलता उठून जायच्या. एरवी आपण निघताना ‘येते’ म्हणतो. दुःखाच्या घरातून निघताना मात्र म्हणायचं नसतं. अशा कारणाने पुन्हा यायची वेळ नको, म्हणून. काकू एकदा चुकल्या. पदर सावरत सवयीने म्हणाल्या, “येते गं.” आणि त्यांनी जीभ चावली. बाकीच्या बायकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या चपला अर्धवट घालूनच पळाल्या. त्यांच्या पाठीमागून आई म्हणाली, “ये ना.”

तेरावं झालं आणि येणं-जाणं थांबलं. आमच्या दारावरून जाताना बायका आवाज खाली आणायच्या. हळदीकुंकवाला आईला हाक नाही. केवढा तो मान! आई दुपारच्या चहाचं आधण एक कप जास्त ठेवायची.

“कोणासाठी?” मी विचारायचे.

“ती म्हणालीय ना, येते.”

काकू आल्या नाहीत. त्यांच्या फोडणीचा वास आमच्या घरात यायचा, त्या यायच्या नाहीत. मला चीड यायची. अजून येते. दुःखाचा मान राखता राखता या लोकांनी माझ्या जिवंत आईला वाळीत टाकलं होतं आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी काकूंचे यजमान गेले. आई त्यांच्याकडे भेटायला गेली, सगळ्यांसारखी गप्प बसली. उठली आणि दारात मोठ्याने म्हणाली, “येते गं.”

काकूंची जाऊ फणकारली, “अहो, असं बोलतात काय इथे?”

“उद्या येणार आहे, म्हणून बोलले.”

आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेली. तेरावं उलटल्यावरही जात राहिली, रोज दुपारी, चहाची किटली घेऊन. चाळीत बोललं जायचं की ही सूड उगवतेय. थोडा असेलही, आई काही संत नव्हती.

एकदा मी बरोबर होते. काकूंना एकदम भरून आलं. म्हणाल्या, “तेव्हा मी यायला हवं होतं गं तुझ्याकडे.”

मला वाटलं, आई आता ‘जाऊ दे’ म्हणणार.

“हो, यायला हवं होतंस,” आई म्हणाली आणि तिने त्यांच्या कपात चहा ओतला.