शुक्राची काच

माझं माहेर रत्नागिरीकडचं. चौथीत शाळा सुटली आणि पुढे काही वर्षांनी मी वर्ध्याजवळ बोरगावला सून म्हणून आले. आपल्याला परत धाडतील, ही धास्ती बरीच वर्षं पोटात होती. ती मामंजींनी घालवली, ते उपकार मी विसरणार नाही. ते शाळामास्तर. काच घासघासून त्यांनी घरीच दुर्बिणीचा आरसा केला होता, त्याला पत्र्याची नळी, आणि सगळं परसात विटांच्या ओट्यावर. पुढे त्यांचे हात कापायला लागले तेव्हा फोटोचं काम माझ्याकडे आलं. "तुहा हात थिर हाये," म्हणाले.

चोपन्न सालचं नवरात्र असेल. तिसऱ्या माळेला, दिवेलागणीला मी शुक्राचा फोटो घेतला. भिंग काढलेला कॅमेरा नळीला बांधायचा, श्वास रोखून झाकण उचलायचं, लगेच ठेवायचं. न्हाणीत लाल कापड गुंडाळलेल्या कंदिलासमोर फोटोची काच धुतली, तर तिच्यावर तिळाएवढी कोर. शुक्रही चंद्रासारखा कलेकलेने वाढतो-घटतो हे मामंजींनी सांगितलं होतं. आता ते माझ्या हातात होतं. "हे तुह्या नावानं मासिकाले पाठवू," म्हणाले, आणि लिफाफाही आणला.

दसऱ्याला नणंदेचे यजमान सोनं द्यायला आले. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. काच उजेडाकडे धरून ते हसले.

"तिसऱ्या माळेले चंद्राची कोरही तिकडेच होती, वयनी. चंद्र धरला न् बाबाले शुक्र म्हणून दाखवला. काऊन फसवून राह्यल्या म्हाताऱ्या माणसाले? चौथी पास न् मासिकात नाव पाहिजे."

सगळे हसले. मी मामंजींकडे पाहिलं. जावयाचा शब्द त्या घरात खाली पडत नसे. त्यांनी खारट भाजीला गोड म्हटलं की ती गोड. मामंजी पुटपुटले, "असंल बाप्पा, जावईबापू म्हणतात तर." लिफाफा त्यांनी फळीवर ठेवून दिला.

मी रडले नाही. पंचांग काढलं. पाच दिवसांनी कोजागिरी होती.

सासूबाईंकडून मीच जावयाला निरोप धाडवला, मुक्कामालाच या म्हणून. शेजारपाजारही बोलावला. दूध आटवताना बदाम जास्तच घातले. दिवस मावळता मावळता नळी पश्चिमेच्या चांदणीवर लावली आणि पदर सावरून म्हणाले, "भाऊजी, आम्हां अडाण्यांना जरा समजावून सांगा. हे काय दिसतं?"

ते वाकले. "चंद्राची कोर. मी काय म्हटलं होतं?"

"नीट बघून सांगा."

"अवो, पोराईले शिकवतो मी. चंद्रच होय."

"मग आज कोजागिरी कशी, भाऊजी? मागे वळा."

घराच्या कौलांवरून पुरा चंद्र वर येत होता, परातीएवढा. शेजारची म्हातारी म्हणाली, "दोन चंद्र निंगाले वो आज, एक जावईबापूचा." मग जे हसू फुटलं ते आवरेना. नणंदसुद्धा पदरात तोंड घालून हसली. भाऊजी दूध न पिता आत जाऊन पडले.

सासूबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. "जावयाचा अपमान केला तू. उद्या पोरीले नांदवलं नाई तं?" परत धाडतील ही माझी जुनी धास्ती पुन्हा जागी झाली. तेवढ्यात मामंजी लिफाफा आणि दौत घेऊन आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माफी सकाळी मागजो. आधी नाव लिही."

मी लिहिलं. हात कापला नाही.

सकाळी भाऊजींच्या पाया पडले आणि माफी मागितली. वाकणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नाही, हे बरं असतं.