दुसरी पार्टी

राजधानी झाल्यावर रायपुरात घरांपेक्षा दलाल जास्त झाले. आम्हाला एक घर आवडलं होतं, पण भाव पटत नव्हता. दलाल रोज धमकावायचा, "दीदी, आज ही हां बोल दो. रेलवेवाली मैडम मुंहमांगा दाम दे रही हैं."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती रेल्वेवाली भेटली. तिळगूळ देता देता मलाच म्हणाली, "त्या घरासाठी कोणी बँकवाली मागेल तो भाव देऊन राहिली म्हणे. काहून एवढी घाई तिले?"

ती बँकवाली म्हणजे मी!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकाच रिक्षातून दलालाकडे गेलो, खास त्याचं पडलेलं तोंड बघायला. मेला जराही गडबडला नाही.

"अच्छा हुआ, साथ में आ गईं," तो म्हणाला. "मकान दोमंजिला है."

आता ती वर राहते, मी खाली.