उजव्या पायातला बूट

"आजी, पाय वर करा."

मॅडम माझ्या पायाशी बसल्या होत्या. डांबरी रस्त्यावर, एक गुडघा टेकून. माझ्या बुटाची नाडी त्यांच्या बोटांत होती. समोर फोटोवाला वाकलेला. मागे रंगीत टी-शर्ट घातलेली शेकडो माणसं जागच्या जागी उड्या मारत होती. शर्यत सुटायला दहा मिनिटं होती.

"फ्लेक्सवर तुम्ही अनवाणी आहात ना. लोक तेच बघायला आलेत. उचला, उचला."

आणि मी पाय उचलला.

कुणी ओढला नाही. कुणी धमकावलं नाही. उजवा पाय मी स्वतः उचलून दिला. नाल ठोकताना घोडा देतो तसा. एका पायावर तोल जाऊ लागला. धरायला मॅडमचा खांदा तेवढा जवळ होता, पण त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. दोन्ही हात हवेत धरून मी डुलत राहिले. फोटोवाला हसला. बूट निघाला. मोजाही निघाला. मॅडमनी दोन्ही ड्रायव्हरकडे दिले. "गाडीत ठेव." माझा उघडा पाय थंडगार डांबरावर टेकला. टाचेच्या भेगा, काळं पडलेलं अंगठ्याचं नख, सगळं लोकांसमोर.

"गुड," मॅडम म्हणाल्या. "आता दुसरा."

माईकवरचा माणूस ओरडत होता, "ना बूट, ना कोच, ना सराव! आपल्या सातपुड्याची अनवाणी आजी! धावणं यांच्या रक्तातच असतं!"

सराव नाही म्हणे.

सहा महिने सराव केला होता मी. तो कसा केला ते इथे सांगते, कारण त्या दिवशी माईकवर कोणी सांगितलं नाही.

माझी नात पोलीस भरतीची तयारी करत होती. वस्तीतल्या आणखी तीन पोरी तिच्याबरोबर. पहाटे शहाद्याच्या रस्त्यावर धावायच्या. पोरींना एकटं कसं सोडायचं, म्हणून सोबतीला मी. मी रस्त्यावरच्या मोरीच्या, छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसायची, हातात काठी. त्या जायच्या, यायच्या, घड्याळ बघायच्या. ऊसतोडीला मला आता कोणी नेत नव्हतं. मुकादमाने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, म्हातारी टोळीत नको. काम सुटलं. पाय काही सुटले नाहीत. कठड्यावर बसले की पिंढऱ्यांत मुंग्या यायच्या. एके दिवशी काठी ठेवली आणि पोरींच्या मागे निघाले. साडीचा काचा मारलेला, पाय उघडे.

"आजी, तू बी भरती व्हस का?" एक पोरगी ओरडली.

"व्हसू. मंग तुले माले सलाम करना पडी."

पहिल्या दिवशी किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंतही पोचले नाही. बरगडीखाली कळ आली, वाटेत बसले, ओकले. दुसऱ्या दिवशी तिथून दहा पावलं पुढे गेले. ते मला आवडलं. आयुष्यभर मी कशाच्या तरी मागे चालले होते. गाडीच्या मागे, बैलाच्या मागे, मुकादमाच्या मागे. डोक्यावर मोळी नाही तर पाण्याचा हंडा. इथे डोक्यावर काही नाही, पुढे कोणी नाही, आणि मी चालले आहे पळत.

चहाच्या टपरीवर एक म्हातारा रोज बसायचा. तो म्हणाला, "काय वं बुढी, मांगे कुत्रं लागनं का?"

मी थांबले नाही. पळता पळताच म्हटलं, "कुत्रं तं पुढे बठेल शे."

टपरीवरची माणसं इतकी हसली की म्हातारा दोन दिवस आला नाही.

घरी सून धुसफुसायची. "माय, लोक हासी ऱ्हायनात." हसू देत. उसाच्या फडात आम्ही वाकून मरत होतो तेव्हा कोणी रडलं नव्हतं.

नात भरती झाली. ट्रेनिंगला लांब गेली. बाकीच्या पोरीही पांगल्या. आता कुणाची सोबत करायची नव्हती. तरी पहाटे डोळा उघडायचा आणि पाय अंथरुणात राहायचे नाहीत. मी एकटी जाऊ लागले. कळसाडीच्या रस्त्याने, मग पुरुषोत्तमनगरच्या फाट्यापर्यंत, मग फाट्याच्याही पुढे. नातीने फोनवर सांगितलं होतं, एकवीस किलोमीटरची शर्यत असते, तिला अर्धी मॅरेथॉन म्हणतात. मी म्हटलं, अर्धीच पुरे.

चुकाही केल्या. मी रोज धावायची. एक दिवस सोडायची नाही. नडगीचं हाड रात्रंदिवस ठणकायला लागलं. नात फोनवर ओरडली, "आजी, आठवड्यातून दोन दिवस थांबायचं असतं. शरीर तेव्हाच तयार होतं."

"खाडा?" मी विचारलं.

ऊसतोडीत न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. खाडा म्हणजे मुकादमाची शिवी. चाळीस वर्षं मी खाड्याला भ्यायले. बाळंतपणातही आठव्या दिवशी कोयता धरला. आता ही पोरगी मला सांगते, खाडा कर, म्हणजे जोर येईल. मला झोप आली नाही त्या रात्री. मग केला. दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या, अंगण तीनदा झाडलं, सुनेशी भांडले. तिसऱ्या दिवशी नडगी शांत होती.

बुटाचंही तसंच. टाचेत काच घुसली, पंधरा दिवस गेले, तेव्हा ठरवलं की बूट घ्यायचे. शहाद्याच्या बाजारात दुकानदाराने विचारलं, "नातवाले पाह्यजे का?" मी म्हटलं, माझ्यासाठी. अगदी मापाचे घेतले, चांगले घट्ट. पायाला घट्ट ते चांगलं, असंच वाटायचं. पण धावताना पाय फुगतो. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. परत गेले आणि एक नंबर मोठे घेतले. ते बूट घालून मी पहिल्यांदा पुरुषोत्तमनगरच्या फाट्यापर्यंत गेले, तेव्हा रस्ता मऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदा रस्ता मऊ लागला.

आता मॅडमचं. सुरुवातीच्या दिवसांत, मी अनवाणी पळत असताना, गाडीतून जाणाऱ्या कुणीतरी माझा व्हिडिओ काढला होता. तो फोनाफोनांवर फिरला. मग मॅडम घरी आल्या. शहरात धावणाऱ्या मोठ्या लोकांचा एक क्लब आहे, त्याच्या त्या पुढारी. शाल दिली, नारळ दिला. म्हणाल्या, आमच्या शर्यतीत तुम्ही खास पाहुण्या, फॉर्म भरायची गरज नाही, नंबर आम्हीच देऊ. मी म्हटलं, मी आता बूट घालते. "हो हो, बघू," त्या म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत. कधीच वाईट बोलल्या नाहीत. म्हणून तर मला वेळ लागला.

चौकात फ्लेक्स लागला. मी, अनवाणी, जुन्या व्हिडिओतली.

आता ज्या पायाने दगा दिला त्याचं सांगते.

माझं माहेर अक्कलकुव्याच्या वर डोंगरात. मी लहान असताना आम्ही खाली सपाटीला मालकाच्या शेतात कामाला आलो. चौथीपर्यंत तिथेच शिकले. आम्ही आईला याहा म्हणतो. याहाने मला टायरच्या चपला घेऊन दिल्या होत्या, पहिल्याच. मालकाच्या ओट्यापुढून जाताना आमच्या लोकांनी चपला काढून हातात धरायच्या, असा तिथला रिवाज होता. कुणी फळ्यावर लिहिलेला नव्हता. सगळ्यांना माहीत होता. एक दिवस मी शाळेतून पळत आले आणि विसरले. चपला फटफट वाजवत ओट्यापुढून गेले.

मालकाने बघितलं. फक्त खाकरला.

याहा मागून येत होती. तिने मला धरलं. माझ्या चपला काढल्या, माझ्या डोक्यावर ठेवल्या, आणि मला ओट्यापुढून परत नेलं आणि परत आणलं. चपला पडू नयेत म्हणून मी हात वर धरलेले. माती कपाळावर पडत होती.

मालक म्हणाला, "शाबास."

मला नाही, याहाला म्हणाला. ती घरी येऊन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. भीतीने तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मालक गेला, ओटा गेला, रिवाजही गेला असं आम्ही म्हणतो. पण मॅडम म्हणाल्या पाय वर करा, आणि माझ्या डोक्याला कळायच्या आत पाय वर गेला. डोक्याला सवय नव्हती, पायाला होती. आणि मोठ्या घरची बाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायाशी बसली ती कशासाठी? बूट काढून न्यायला.

"आता दुसरा," मॅडम म्हणाल्या, इथपर्यंत सांगितलं होतं.

डावा पाय मी रोवला.

त्यांनी टाच धरून ओढली. मी सगळं वजन त्या पायावर टाकलं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना टाकतात तसं. त्यांनी वर बघितलं. अजून हसतच होत्या.

"आजी? उचला ना. उशीर होतोय."

"मी बूट नही काढस," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही असं वाटलं, म्हणून शाळेतल्या मराठीत सांगितलं, "बूट काढणार नाही. काढलेला परत द्या."

"अहो, तुम्हा लोकांना काय, सवयच असते अनवाणी. आणि फोटोपुरतंच तर आहे."

"मॅडम, सहा महिने मी धावले. ते माईकवर सांगा. मग फोटो काढा."

त्यांचं हसू गेलं. गुडघ्यावरची धूळ झटकत उठल्या. शेजारच्या साहेबांना इंग्रजीत काहीतरी बोलल्या. माईकवाल्याने माझ्याकडे पाठ केली. फोटोवाला चहाकडे गेला. मी नकोशी झाले ती इतक्या लवकर. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी एका पायात बूट, एक पाय उघडा, अशी लंगडत गाडीपाशी गेले. पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढून. गाडी बंद. ड्रायव्हर नव्हता. मी काचेतून आत बघितलं. सीटवर माझा बूट पडलेला. तेवढ्यात भोंगा वाजला आणि सगळी माणसं माझ्यासमोरून पळत गेली. टाळ्या, ढोल, शिट्ट्या. मी काचेला हात लावून उभी.

ड्रायव्हर आला. त्याने मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. दार उघडून बूट दिला. मोजा सापडला नाही. मी रस्त्यात बसले, नाडी बांधली, दोन गाठी मारल्या आणि निघाले. सर्वांत शेवटी. रिकाम्या रस्त्यावर.

धावण्याचं फार सांगत नाही. मोजा नव्हता म्हणून उजव्या टाचेला फोड आला. अर्ध्या वाटेत फुटला. बूट आतून ओला झाला. दोन ठिकाणी चालले. एकदा रस्त्याकडेच्या उसाच्या फडाजवळ बसावंसं वाटलं, तोडणारी बाई माझ्याकडे बघत होती. बसले नाही. अठराव्या किलोमीटरला मागून गाडी आली. "आजी, बसा. वेळ संपत आली. रस्ता मोकळा करायचाय." साडेतीन तासांत पोचावं लागतं, नाहीतर नंबर काढून घेतात. मी छातीवरचा नंबर काढला, खिडकीतून आत दिला. "नंबर न्या. मी येते."

पोचले तेव्हा कमान उतरवत होते. माणसं पोहे खाऊन गेली होती. मेडल नाही. वेळेनंतरच्याला मिळत नाही, नियम आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. मॅडम गाडीत बसत होत्या. म्हणाल्या, "आजी, आम्ही तुमचा एवढा मान केला होता."

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. बोलायला श्वास नव्हता.

त्या रात्री नातीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आजी, काढायचा होता बूट. फोटोपुरताच होता. एवढं काय?" ती वर्दी घालते आता. मी तिला ओट्याचं कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्रीही सांगितलं नाही, फोन ठेवला. मग दोन दिवस पाय आत-बाहेर, आत-बाहेर. तिसऱ्या दिवशी परत फोन करून सांगितलं.  मी म्हटलं, ऐकलंस ना, तेवढं पुरे. हे लिहितानाही दोनदा उठून अंगणात जाऊन आले आहे. आता बसते.

मी बावीस मिनिटं उशिरा पोचले. त्यातली पाच मिनिटं त्या बंद गाडीपाशी गेली. ती माझी नाहीत. उरलेली सतरा माझी आहेत. माझ्या हळू पायांची, माझ्या वयाची. ती मॅडमच्या माथी मारणार नाही. पुढच्या वर्षीच्या शर्यतीचा फॉर्म निघाला तेव्हा त्यांच्याकडून निरोप आला, यंदाही पाहुण्या म्हणून या. मी गेले नाही. फॉर्म माझ्या हाताने भरला, नंबर मागितला, रांगेत उभी राहून घेतला. ती सतरा मिनिटं मी कमी करणार आहे. मधे खाडे घेऊन, नीट, शिकून. आणि ती पाच मिनिटं यापुढे कुणालाच देणार नाही. मागणारा हात जोडून आला तरी नाही.

हे जिच्यावर गुदरलं ती मी. भिल्लाची बाई, चौथी शिकलेली, ऊस तोडलेली. आधारकार्डावर त्रेसष्ट वर्षांची.